घराजवळ मेलेला वन्यप्राणी दिसला तर: नागपुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या ले-आऊटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, विजेच्या डीपीखाली एक वानरीण मरून पडली. सकाळचे साडेसहा वाजले होते. तिचा एक हात कोपरापर्यंत काळा पडला होता, तळव्यावरची कातडी भाजून सोलली होती आणि पोटाला एवढंसं पिल्लू घट्ट चिकटलेलं होतं. वर कडुनिंबावर अख्खा कळप बसला होता, पण आवाज कुणाचाच नाही. पाच मिनिटांत गल्ली जमली. एक काकू हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आल्या. एक काकाजी, "मारुतीचं रूप आहे, असं रस्त्यात कसं ठेवायचं," म्हणत तिला उचलायला वाकले, तेवढ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा मुलगा ओरडला, "काकाजी, हात नका लावू! वायर खाली लोंबतेय."

महिनाभरापूर्वीच नागपुरात आलेला तो मुलगा. त्याच्यामुळे त्या दिवशी एक माणूस वाचला. मग त्यानं विचारलं, "आता फोन कुणाला करायचा?" आणि तिथं उभ्या असलेल्या तीसेक जणांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. त्यात मीही होतो, वीस वर्षांपासून इथं राहणारा. त्यानंतर वनविभागाच्या लोकांशी, जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून जे शिकलो ते इथं लिहितो आहे.

नागपूर मोठं शहर असलं तरी जंगल लांब नाही. गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी ही झाडी शहराला लागूनच आहे. हिंगणा रोड, बेसा, जामठा, कोराडी या बाजूंना कालपर्यंत शेतं होती, आज तिथं फ्लॅट स्कीम उभ्या आहेत. त्यामुळे मुंगूस, घोरपड, उदमांजर, मोर, वानर, साप, वटवाघळं, कडेच्या वस्त्यांमध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे सगळे शेजारी आहेत. त्यातलं कुणीतरी कधीतरी तुमच्या दारात मरणार, हे धरूनच चाला.

आधी लांब उभं राहा

पहिलं काम म्हणजे दहा-पंधरा फुटांवर थांबणं. मुलांना आत पाठवा, कुत्रा बांधा किंवा पट्टा हातात घट्ट धरा. मग नजर प्राण्यावरून काढून आजूबाजूला फिरवा. वर तार आहे का, खांब आहे का, कुंपणात वीज सोडलेली आहे का? शहराच्या कडेला शेताला लागून घर असेल तर याची खास काळजी घ्या. रानडुकरांनी पीक खाऊ नये म्हणून काही जण तारेत बेकायदा करंट सोडतात. त्या तारेनं डुकरं मरतात, वाघ मेल्याच्याही घटना विदर्भात झाल्या आहेत, आणि माणसंही मेली आहेत. तार दिसली तर १९१२ वर महावितरणला फोन करा, आणि लाईट बंद केल्याचं त्यांनी सांगेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. पाऊस पडलेला असेल तर अंतर आणखी वाढवा, ओल्या जमिनीतूनही करंट येतो. बांबू सुकलेला दिसला तरी आत ओल असू शकते, म्हणून काठीनं ढकलून बघणंही नको.

दुसरी गोष्ट, तो खरंच मेला आहे का? मे अखेरच्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, इथं पारा ४५ अंशांच्या वर जातो. २३ मे २०१३ ला तर तो ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत घारी, पोपट, कोकीळ उडता उडता खाली कोसळतात आणि मेल्यासारखे पडून राहतात. काचेवर आपटलेला पक्षीही अर्धा तास निपचित पडून मग उडून जातो. लांबूनच दोन-तीन मिनिटं छातीकडे बघत राहा. श्वास अगदी बारीक असेल तर पोटाच्या बाजूची पिसं किंवा केस हलकेच वर-खाली होताना दिसतात. डोळ्यावर माशी बसल्यावर पापणी हलते का, तेही बघा. जीव आहे असं वाटलं तर सावली करा आणि फोन लावा. चोचीत किंवा तोंडात पाणी ओतू नका, ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राण्यांवर तिथं उपचार होतात.

आमच्या वानरिणीचं पिल्लू जिवंत होतं. ते ओढून काढावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण पिल्लू ओढलं असतं तर कळप खाली उतरला असता. आई मेली तरी तिच्या बाकीच्या नातलगांच्या लेखी ते त्यांचंच पिल्लू असतं. आम्ही फक्त गल्लीतली कुत्री हाकलली आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा केला. महावितरणनं लाईट बंद केल्यावर वनविभागाच्या लोकांनी जाड हातमोजे घालून, पोत्याची आड करून पिल्लू उचललं आणि सेंटरला नेलं.

सापाचं वेगळं आहे

साप मेलेला दिसला तरी त्याला जिवंत सापासारखंच वागवा. हे मी दोनदा सांगेन, कारण यात सुशिक्षित माणसंही फसतात. डोकं ठेचलेला, अगदी डोकं तुटलेला सापही काही काळ चावू शकतो, कधीकधी तासाभरानंतरही. जबड्याचे स्नायू आणि विषाची ग्रंथी शाबूत असतात, आणि स्पर्श झाला की जबडा आपोआप मिटतो. चावा घेताना विष किती सोडायचं याचं भान त्या डोक्याला राहिलेलं नसतं. मण्यार थंडगार पडून राहते, तेव्हा ती मेलीच आहे असं वाटतं. घोणस, जिला आमच्याकडे परड म्हणतात, तिचंही तेच. बोट, पाय, झाडूचा दांडा, काहीच लावू नका. लांबूनच नजर ठेवा आणि फोन करा.

चावलंच तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला थेट मेडिकल किंवा मेयोला न्यायचं. नव्यानं आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, औषधाचं दुकान नाही, आणि 'मेयो' म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. साप सोबत न्यायची गरज नसते. लांबूनच एक फोटो काढा, तो डॉक्टरांना पुरतो.

फोन कुणाला, आणि काय सांगायचं

वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाईन १९२६. हा एक नंबर पाठ करा, बाकीचे नंतर. फोन लागला नाही तर ११२. कुत्रा, मांजर, गाय, डुक्कर असा पाळीव किंवा मोकाट प्राणी असेल तर महापालिकेचं झोन कार्यालय. नागपुरात असे दहा झोन आहेत. तुमचं घर कोणत्या झोनमध्ये येतं ते घरमालकाला विचारून ठेवा, घरपट्टीच्या पावतीवरही असतं. कोंबड्या-बदकं मोठ्या संख्येनं मरत असतील तर पशुसंवर्धन विभाग.

फोनवर "इथं काहीतरी मेलंय, लवकर या" एवढंच सांगितलं तर यायला वेळ लागतो. प्राणी कोणता वाटतो, साधारण केवढा आहे, जखम किंवा रक्त दिसतं का, वीज किंवा तार आहे का, एकच आहे की जास्त, सोबत जिवंत पिल्लू आहे का, कधीपासून पडला असावा, हे सांगा. पत्ता सांगताना ले-आऊटचं नाव आणि जवळची खूण द्या, कारण एकाच नावाचे दोन-तीन ले-आऊट या शहरात सहज सापडतात. लोकेशन पाठवा आणि कुणीतरी तिथं थांबा. फोटो काढा, पण तो फक्त वनविभागाला द्या. मोर किंवा बिबट्या अमुक ठिकाणी पडला आहे असं गटांवर टाकलं की बघ्यांची गर्दी होते, आणि बघ्यांमध्ये कधीकधी नखं आणि पिसांसाठी येणारेही असतात.

इथं कायद्याचं थोडं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या ३९ व्या कलमानुसार मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो. तो कुणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलिस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवावं लागतं. म्हणजे आपल्या अंगणात पडला तरी तो आपला होत नाही. दात, नखं, मिशा, कातडं काढून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि वाघ, बिबट्या, मोर अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत आहे. गाडीनं उडवलेल्या रानडुकराचं मटण वाटून घेणंही यातच येतं. "मेलेलंच तर होतं" हे उत्तर तिथं चालत नाही. त्या मांसातून माणसाला रोग होतो तो वेगळाच.

आणि सगळ्यांनाच पटेल असं एक कारण सांगतो. तो प्राणी कशानं मेला, हे त्याच्या शरीरातच लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२४ च्या शेवटी गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं बर्ड फ्लूचं, एच५एन१. ती शरीरं तपासलीच नसती तर हा विषाणू वाघांपर्यंत पोचला आहे हे कुणाला कळलं असतं? तुमच्या अंगणातल्या कावळ्याचं पण असंच असू शकतं. एक कावळा मेला तर वय, करंट, उष्माघात, काहीही कारण असेल. दोन दिवसांत एकाच भागात पाच-सहा मेले तर ते कळवायलाच हवं, आणि त्यातला एकही पुरून टाकायचा नाही.

काही खुणा, ज्या दिसल्या की आणखी मागे सरकायचं

नाक, तोंड, गुदद्वार यांतून काळपट, न गोठलेलं रक्त आलेलं, पोट टम्म फुगलेलं आणि तरीही पाय ताठलेले नाहीत, असा चितळ, रोही किंवा गाय दिसली तर अँथ्रॅक्सची शंका घ्यायची. खेड्यात याला फाशी म्हणतात, माणसाला झाला की काळपुळी. हे शरीर कापलं की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून उघडायचं नाही, ओढायचं नाही, कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही.

शेताजवळ मोर, तितर, कबुतरं एकत्र मेलेली, आणि आसपास दाणे पडलेले असतील तर विष. थिमेटसारखं कीटकनाशक किंवा उंदीर मारायचं औषध. काही उंदीरनाशकांमधून मेलेल्या प्राण्याच्या पोटातही विषारी वायू तयार होतो, त्याला लसणासारखा वास येतो. असा वास आला तर वारा जिकडून येतो त्या बाजूला जाऊन लांब उभं राहा. ते दाणेही गोळा करू नका, पुरावा आहे तो.

तोंडाला फेस किंवा लाळ असलेलं मुंगूस, कोल्हा किंवा मांजर असेल तर रेबीज डोक्यात ठेवा. भारतात मुंगसालाही रेबीज होतो. विषाणू लाळेत आणि मेंदूत असतो आणि मेल्याबरोबर संपत नाही.

संक्रांतीच्या आसपास झाडाला अडकून मेलेले पक्षी दिसतील. ते नायलॉन मांजाचं काम. त्यावर बंदी आहे, तरी दरवर्षी तेच. मांजा हातानं ओढू नका, तो बोट कापतो, आणि विजेच्या तारेवरून आलेला असेल तर करंटही आणतो.

तुम्हालाच उचलावं लागलं तर

मोठा प्राणी, मोर, घुबड, घोरपड, वानर, साप यांना तुम्ही हात लावायचाच नाही. तो वनविभागाचाच विषय. पण एखादी खार, चिमणी किंवा एकटं वटवाघूळ असेल तर १९२६ वर विचारल्यावर बऱ्याचदा "नीट पुरून टाका" असंच सांगतात. पाल, बेडूक, उंदीर तर आपल्यालाच काढावे लागतात. मग हे असं करा.

काम सकाळी लवकर उरका. इथल्या उन्हात तीन-चार तासांत पोट फुगतं आणि दुपारपर्यंत जवळ जाववत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे, नाकावर मास्क. हाताला कापलेलं असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

अंग थंड पडायला लागलं की पिसवा आणि गोचिड नवा आधार शोधत बाहेर पडतात. मी एकदा मेलेल्या उदमांजराच्या कानामागून गोचिड एकामागून एक खाली उतरताना बघितले आहेत, करड्या, जवसाच्या दाण्याएवढ्या, सरळ फरशीवरून भिंतीकडे निघालेल्या. म्हणून प्राण्याशेजारी उकिडवं बसायचं नाही आणि पॅन्टचे पाय मोज्यात खोचायचे. गवतात काम असेल तर जास्तच. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसनं माणसं गेली होती, आणि तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातूनच येतो.

झाडू मारू नका. सुकी विष्ठा, पिसं आणि धूळ उडते आणि ती नाकात जाते. आधी ब्लीचिंगचं पाणी हलक्या हातानं शिंपडा आणि दहा मिनिटं थांबा. बाजारात मिळणारं साधं लिक्विड ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. त्यात फिनाईल किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, ॲसिडनं क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो. मग जाड पॉलिथिनची पिशवी हातावर उलटी घाला, प्राणी आतून पकडा आणि पिशवी त्याच्यावरून सुलटी करून गाठ मारा. दुसरी पिशवी तिच्यावर. हे पुरायच्या जागेपर्यंत नेण्यापुरतं. कचरागाडीत टाकू नका, ते गाडीवरच्या माणसावर अन्याय करणं आहे.

खड्डा तीन फूट. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरवर पुरलेलं आठ दिवसांत भेगेतून वास मारायला लागतं आणि कुत्री उकरतात. विहीर किंवा बोअरवेलपासून किमान शंभर फूट लांब जागा बघा. प्राणी पिशवीतून खड्ड्यात सोडा, वर चुना टाका, माती दाबा आणि एक दगड ठेवा. पिशव्या आणि वापरून फेकायचे हातमोजे नीट बांधून, नंतर वेगळे टाका. तेवढी जागाच नसेल, फ्लॅट असेल, तर झोन कार्यालयाला फोन करून विचारा.

जागा साबणाच्या पाण्यानं धुवा, मग ब्लीचचं पाणी टाकून दहा मिनिटं ठेवा. उलट्या क्रमानं केलं तर फारसा उपयोग नाही, घाण असेल तिथं ब्लीच नीट काम करत नाही. हातमोजे शेवटी काढा, आणि त्यानंतर हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. कपडे गरम पाण्यात.

टाकी आणि कूलर

हे वेगळं लिहितो, कारण नागपुरात हेच सर्वांत जास्त घडतं. उन्हाळ्यात खारी, पक्षी आणि वटवाघळं पाण्यासाठी येतात आणि झाकण उघड्या टाकीत बुडून मरतात. नळाला वास येईपर्यंत घरात कुणाला कळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं चार दिवस ते पाणी वापरलं होतं.

कळलं त्या क्षणी टाकीचा व्हॉल्व बंद करा. पाणी उकळून पिऊन चालवून घेऊ नका, ओतून द्या. टाकी रिकामी करून घासा, ब्लीचिंगच्या पाण्यानं भरून काही तास ठेवा, ते पाणी घरातल्या प्रत्येक नळातून थोडं सोडा, नाहीतर पाईपमध्ये राहिलेलं पाणी तसंच राहतं. मग दोनदा साध्या पाण्यानं धुवा. फिल्टरच्या कॅन्डल बदला. टाकीत उतरायचं असेल तर एकट्यानं नाही, वर एक माणूस हवा. कूलरमध्ये आधी प्लग काढा. हे सोपं वाटतं, पण दरवर्षी ओल्या कूलरचा करंट लागून इथं माणसं जातात. गवताच्या जाळ्या नव्या घाला, जुन्या धुऊन वापरू नका. आणि गच्चीवर, टाकीपासून लांब, मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. आमच्याकडे ते ठेवायला लागल्यापासून टाकीत काही सापडलेलं नाही.

हात लागलाच असेल तर

लाळ, रक्त किंवा ओरखडा, यातलं काहीही झालं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची लावू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस मेडिकल आणि मेयोला मिळते. डोस ठरलेल्या तारखांनाच घ्या, मधला एकही चुकवू नका. जखम खोल असेल तर लशीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा. तुमच्या कुत्र्यानं तो प्राणी हुंगला किंवा चावला असेल तर त्यालाही जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि त्याच्या तोंडाला उघड्या हातानं हात लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पुरळ किंवा काळी खपली दिसली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की अमुक दिवशी मेलेल्या प्राण्याजवळ गेलो होतो. ते विचारणार नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात डेंग्यू असतो.

काकूंच्या हळद-कुंकवाचं सांगायचं राहिलं. वनविभागाच्या माणसांनी पंचनामा झाल्यावर त्यांना दोन मिनिटं थांबू दिलं. त्यांनी लांबूनच कुंकू वाहिलं, नारळ तिथंच झाडाखाली ठेवला आणि मग गाडी निघाली. वानराला माळ घालू नका, पाणी पाजू नका, मिरवणूक काढू नका एवढंच ते सांगतात, नमस्कार करायला कुणी अडवत नाही. आमच्या फाटकाच्या आतल्या बाजूला आता पेंटनं लिहिलं आहे: वनविभाग १९२६, महावितरण १९१२, पोलिस ११२. हातमोज्यांची एक जोडी, चार जाड पिशव्या आणि ब्लीचिंगचा डबा जिन्याखाली ठेवला आहे, आणि पावडर दर उन्हाळ्यात बदलतो, कारण जुनी झाली की तिचा जोर जातो.